हापूसच्या पेटीमागची वही : पुरवठा साखळीचा पर्यावरणावरील भार कसा मोजावा आणि कसा कमी करावा

रत्नागिरी, देवगड किंवा वेंगुर्ल्याहून निघालेली आंब्याची पेटी ग्राहकाच्या घरी पोहोचेपर्यंत सहा-सात हातांतून जाते. बागेला खत-औषध देणारा, तोडणीचे गडी, पेटी व पुठ्ठा पुरवणारा, टेम्पोवाला, वाशीच्या फळबाजारातील आडत्या, किरकोळ विक्रेता आणि शेवटी ग्राहक, अशी ही साखळी आहे. तिचा पर्यावरणावर पडणारा भार कमी करायचा म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा प्लास्टिकची पिशवी येते. पिशवीचा प्रश्न खोटा नाही. परंतु मी माझ्या स्वतःच्या व्यवसायाचा हिशेब मांडला तेव्हा पिशवी यादीत बरीच खाली निघाली, आणि ज्या कामाचे बिल मी वर्षानुवर्षे न वाचता फाईलला लावत होतो, ते काम पहिल्या क्रमांकावर आले. ते काम कोणते, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

ज्यांची स्वतःची बाग आहे, जे खंडाने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी, बाग घेतात, किंवा ज्यांचा आंबा, कोकम अथवा काजूचा लहान प्रक्रिया उद्योग आहे, अशा कोकणातील व्यावसायिकांसाठी हे लेखन आहे. शहरातील मोठ्या कंपन्यांना आता अशी माहिती द्यावीच लागते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे, त्यामुळे त्यांना माल पुरवणाऱ्या लहान माणसाच्या दारातही कधीतरी प्रश्नावली येऊन पडते. ती आल्यावर घाईघाईने अंदाजपंचे आकडे भरण्यापेक्षा आधीपासून नोंद ठेवलेली बरी.

हिशेबाची सुरुवात खर्चाच्या वहीतून

या कामासाठी सल्लागार नेमण्याची आवश्यकता नाही. डिझेलच्या पावत्या, महावितरणची बिले, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या, पुठ्ठ्याची बिले, आडत्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) आणि दुरुस्तीची बिले एवढी कागदपत्रे एका हंगामाची एकत्र केली की निम्म्याहून अधिक हिशेब हाती येतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ग्रिडमधील एक युनिट विजेमागे आपल्या देशात तो सुमारे ०.७ किलो धरला जातो, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. या दोन आकड्यांनी लिटर आणि युनिटांना गुणले की पहिला अंदाज तयार होतो.

जगभर वापरल्या जाणाऱ्या हरितगृह वायूंच्या हिशेबपद्धतीत उत्सर्जनाचे तीन भाग केलेले असतात : आपण स्वतः जाळलेले इंधन, आपण विकत घेतलेली वीज, आणि साखळीतील इतरांनी आपल्यासाठी केलेले सर्व काही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत तिसरा भाग बहुधा सर्वांत मोठा असतो, कारण गाडी आपली नसते, पुठ्ठा आपण बनवत नाही आणि खतही विकतच आणतो. म्हणून वहीत प्रत्येक नोंदीपुढे "माझे" की "दुसऱ्याचे" एवढे लिहून ठेवावे. "माझे" असलेल्या गोष्टी आपण उद्या बदलू शकतो. "दुसऱ्याचे" असलेल्या गोष्टींसाठी बोलणी करावी लागतात.

सर्व आकड्यांना भागायचे कशाने, हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. मी सुरुवातीला पाठवलेल्या किलोंनी भागत असे. ते चुकीचे होते. ग्राहकाच्या हाती चांगल्या स्थितीत पोहोचलेल्या किलोंनी भागावे, कारण वाटेत सडलेल्या फळासाठीही तेवढेच खत, तेवढेच डिझेल आणि तेवढाच पुठ्ठा खर्च झालेला असतो.

आता त्या न वाचलेल्या बिलाविषयी. माझ्याकडे फळ आणि गर ठेवण्यासाठी एक लहान कोल्ड रूम आहे. दरवर्षी मार्चमध्ये थंडावा कमी पडला की तंत्रज्ञ येई, "गॅस भरला" असे म्हणे, बिल देई आणि जाई. हिशेब मांडताना प्रथमच ते बिल नीट वाचले : आर-४०४ए (यंत्रात थंडावा निर्माण करणारा वायू), ३ किलो. हा वायू एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या मोजमापाने त्याचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. म्हणजे दरवर्षी भरला जाणारा तीन किलो गॅस आधी कुठेतरी गळून गेलेला होता, आणि त्याचा भार साडेअकरा टनांहून अधिक, अर्थात सुमारे ४,४०० लिटर डिझेल जाळण्याइतका होता. त्या वर्षी मी पाठवलेल्या पंचवीस टन आंब्याच्या साऱ्या वाहतुकीचा भार सव्वातीन टनांच्या आसपास होता. गाडीवाल्याला मी मायलेज विचारत होतो आणि स्वतःच्या भिंतीआड यंत्रातून गळणाऱ्या वायूकडे माझे लक्ष नव्हते.

ज्यांच्याकडे कोल्ड रूम, बर्फाचा कारखाना किंवा मोठा फ्रीझर आहे, त्यांनी म्हणूनच सर्वांत आधी हे काम करावे. तंत्रज्ञाला गॅस भरण्यापूर्वी गळती शोधायला सांगावे. जोडांवर साबणाचा फेस लावला तरी बऱ्याच गळत्या बुडबुड्यांनी दिसतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या नळ्या आणि पातळ पत्र्या लवकर खराब होतात, त्यामुळे हंगामापूर्वी आणि हंगामात अधूनमधून त्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. प्रत्येक वेळी किती किलो गॅस भरला, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवीन यंत्र घेताना वायूचे नाव विचारावे. जुना आर-२२ आपल्या देशात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, त्यामुळे त्या वायूवर चालणारे जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. आर-२९० म्हणजे प्रोपेनचा तापमानवाढीवरील परिणाम नगण्य आहे, मात्र तो ज्वलनशील असल्याने त्याची बसवणी आणि दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी. आमच्या यंत्रात गळती एका पितळी नटाच्या जोडावर सापडली, आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च एका वर्षाच्या गॅसपेक्षा कमी आला.

फुकट जाणारे फळ

यानंतरचा मोठा भाग नासाडीचा आहे. ती कमी करण्यासाठी खर्च थोडा लागतो, मात्र शिस्त बरीच लागते.

लांब पाठवायचे फळ चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) असताना काढावे, हे आपल्याकडे प्रत्येक जुन्या बागायतदाराला ठाऊक आहे. तरीही हंगामाच्या सुरुवातीच्या चढ्या भावासाठी बारा आण्याचे फळ उतरवले जाते. ते नीट पिकत नाही, सुरकुतते आणि ग्राहकाच्या घरी कचऱ्यात जाते. उलट झाडावर जास्त राहिलेल्या फळात साका, म्हणजे आतला गर पांढरट व स्पंजासारखा होण्याचा दोष, होण्याचा धोका वाढतो, आणि साका बाहेरून दिसत नसल्याने संपूर्ण प्रवासाचा खर्च करून झाल्यावरच तो कळतो. तोडणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी करावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला (फळ उतरवण्याचे साधन) वापरला तर फळ देठासह उतरते, त्याचा चीक सालीवर ओघळत नाही आणि फळ जमिनीवर आपटत नाही. चिकाचा डाग पडलेले किंवा आपटलेले फळ पेटीत गेले, तर ते एकटे खराब होत नाही, शेजारच्या चारांना घेऊन जाते. उतरवलेले फळ उन्हातल्या कातळावर ठेवू नये. जांभ्याचा कातळ एप्रिलमध्ये किती तापतो हे अनवाणी चालणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक चार झाडांमागे एक तात्पुरती झावळ्यांची सावली असते, आणि क्रेट तेथेच भरले जातात.

पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर कायद्याने बंद आहे. अन्न सुरक्षेची केंद्रीय संस्था एफएसएसएआयने इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वापरण्यास परवानगी दिली आहे. पुरवठा साखळीच्या दृष्टीने पाहता, फळ कडक अवस्थेत पाठवून ग्राहकाच्या जवळ पिकवले तर वाटेतील नुकसान कमी होते. म्हणून मुंबई-पुण्यातील कायमच्या ग्राहकांना मी पेंढ्यातली आढी (पिकवण्यासाठी लावलेले फळांचे थर) घरीच कशी लावावी याची चिठ्ठी पेटीत घालतो.

नासाडीचा एक प्रसंग माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी ऐंशी पेट्या भरलेली गाडी पहाटेऐवजी दुपारी बाराला सोडली, कारण हमाल उशिरा आले होते आणि मला दुसऱ्या दिवशीचा बाजार चुकवायचा नव्हता. महामार्गाच्या कामामुळे गाडी घाटाच्या पायथ्याशी नऊ तास उभी राहिली. वर काळी ताडपत्री, तीही चारही बाजूंनी घट्ट आवळलेली. वाशीला पेट्या उघडल्या तेव्हा वरच्या दोन थरांतील फळ अक्षरशः शिजलेले होते आणि सव्वीस पेट्या फेकून द्याव्या लागल्या. तेव्हापासून आमच्या गाडीवर फिकट रंगाची ताडपत्री असते, तिच्याखाली हवा खेळेल एवढी जागा बांबूच्या कमानीने राखलेली असते, आणि गाडी संध्याकाळी सहानंतरच निघते. पाऊस दिसला तर ताडपत्री आवळण्याचा अधिकार चालकाचा, परंतु पाऊस थांबल्यावर ती सैल करणे हे त्याच्या भाड्याच्या करारात लिहिलेले आहे.

डागी पण खाण्यायोग्य फळासाठी दुसरी वाट आधीच ठरवून ठेवावी. कॅनिंगला जाणारा आंबा जवळच्या कारखान्याला त्याच दिवशी गेला पाहिजे. दोन दिवस अंगणात राहिला तर तोही वाया जातो. गर काढल्यावर उरणारी साल आणि बाठे हा मोठा प्रश्न असतो, कारण फळाच्या वजनाचा बराच मोठा भाग त्यांतच असतो. परसात ढीग लावून ठेवले तर पाऊस पडताच ते कुजून मिथेन सोडतात आणि विहिरीपर्यंत त्यांचे पाणी झिरपते. साल शेणाबरोबर बायोगॅसमध्ये घालता येते, मात्र एकदम फार घातली तर आम्लामुळे संयंत्र बंद पडते. आम्ही सुरुवातीला एका पाटीला तीन पाट्या शेण या प्रमाणात घातली आणि मग हळूहळू वाढवली. बाठे वाळवून चुलीत जातात.

गाडीचा हिशेब

समजा, रत्नागिरीजवळच्या बागेतून वाशीपर्यंतचे अंतर ३३० किलोमीटर आहे. १,२०० किलो फळ घेतलेला पिकअप टेम्पो जाताना लिटरला अकरा आणि येताना रिकामा बारा किलोमीटर चालला, तर साधारण ५८ लिटर डिझेल जळते. म्हणजे प्रत्येक किलो आंब्यामागे सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तेच नऊ टन माल नेणारा ट्रक जाताना साडेचार आणि येताना सहा किलोमीटर चालला, तर एकूण १२८ लिटर जळतात, परंतु प्रत्येक किलोमागे जेमतेम ३८ ग्रॅम पडतात. भाड्यातही असाच फरक पडतो. टेम्पोतल्या मालापैकी बारा टक्के फळ नासले, तर १३० चे १४८ होतात, आणि त्यात बागेतला भार अजून धरलेलाच नाही.

यातून लगेच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे शेजारच्या बागायतदारांबरोबर गाडी भरणे. सांगायला हे सोपे आहे आणि करायला अवघड, कारण प्रत्येकाला आपला माल आज, आपल्या आडत्याकडे, इतरांच्या आधी पोहोचवायचा असतो. आमच्या वाडीत पाच जणांनी आठवड्यातले तीन वार ठरवले आणि गाडी कोणाच्या बागेतून आधी भरायची याची पाळी लावली. जो वेळेवर माल आणत नाही त्याच्यासाठी गाडी अर्धा तासाहून अधिक थांबत नाही. पहिल्या वर्षी दोनदा भांडण झाले. तिसऱ्या वर्षापासून वाशीतील आडत्यानेच आम्हाला गाळ्यावर ठरावीक वेळ दिली, कारण त्यालाही पाच टेम्पोंपेक्षा एक ट्रक उतरवणे सोयीचे जाते.

दुसरी गोष्ट रिकाम्या फेऱ्यांची. कोकणात किराणा, सिमेंट, खत, टाइल्स हा सारा माल मुंबईकडून किंवा घाटावरून येतो आणि वर्षातले बरेच महिने या गाड्या रिकाम्याच परततात. आपल्या तालुक्यातील किराणा घाऊक व्यापाऱ्याकडे कोणत्या वारी गाडी येते, हे जानेवारीतच विचारून ठेवावे. जी गाडी तशीही परत जाणार आहे, तिच्यात आपला माल गेला तर नवीन फेरी वाचते. मात्र आधी तिच्यात काय आले होते, हे पाहणे आवश्यक आहे; खताच्या किंवा कीटकनाशकाच्या गाडीत धुतल्याशिवाय फळ भरू नये.

कोकण रेल्वेविषयी थोडे. तिने १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली, जिच्यात भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेले जातात. रोहा ते ठोकूर या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरणही २०२२ मध्ये पूर्ण झाले. टन-किलोमीटरमागे, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे, रेल्वेचा भार ट्रकपेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. रत्नागिरीहून वाशीला जाणाऱ्या आंब्याला रो-रोचा थेट उपयोग होत नाही, परंतु गोवा किंवा कर्नाटकातून येणारा पुठ्ठा, बाटल्या वा काजू बी यांच्या वाहतूकदाराला हा प्रश्न जरूर विचारावा. प्रवासी गाडीच्या पार्सल डब्यातून लहान माल पाठवता येतो. माझे मत असे की त्यात चढ-उतार जास्त होत असल्याने पिकत आलेल्या फळाला ती वाट योग्य नाही, सुकलेल्या आमसुलाला किंवा काजूगराला चांगली आहे. २०२० च्या टाळेबंदीत एस.टी.ने मालवाहतूक सुरू केली, तीही कमी मालासाठी आपल्या आगारात विचारून पाहण्यासारखी आहे.

विमानाने जाणाऱ्या आंब्याचा भार जहाजापेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. निर्यातीचा मान मोठा आहे हे मला मान्य आहे, तरी ज्यांना पर्यायाने गर किंवा आंबापोळी जहाजाने पाठवता येईल, त्यांनी तो हिशेब करून पाहावा.

पेटी, पुठ्ठा आणि पेंढा

लाकडी पेटीचा जमाना मागे पडत चालला आहे. ती दिसायला देखणी असते, परंतु तिच्यासाठी झाडे तुटतात, तिचे वजन गाडीत वाहावे लागते आणि एका फेरीनंतर ती बहुधा सरपणात जाते. पुठ्ठ्याचे खोके हलके असते आणि त्याचे पुनर्चक्रीकरण होते, पण ओलसर हवेत ते नरम पडते आणि खालच्या थरातले फळ दबते. पुरवठादाराकडून खोके घेताना ते किती थर सहन करेल ते विचारावे, वरचे चकचकीत प्लास्टिकचे लॅमिनेशन नको म्हणून सांगावे आणि छपाई एका रंगात ठेवावी. लॅमिनेशन असलेला पुठ्ठा रद्दीत कमी भावाने जातो, हे कोणत्याही भंगारवाल्याला विचारून पाहावे. आत पेंढा आपल्याच भाताचा वापरावा आणि तो पूर्ण वाळलेला असावा. ओलसर पेंढ्याला बुरशी येते आणि तिचा वास फळाला लागतो.

प्लास्टिकचे क्रेट सर्वांत चांगले, पण ते परत येत असतील तरच. परत न येणारा क्रेट म्हणजे एका फेरीसाठी वापरलेले दीड-दोन किलो प्लास्टिक होय. आम्ही क्रेटवर रंगाने क्रमांक घातले आणि आडत्याकडे प्रत्येकी अनामत मागितली. त्याने पहिल्यांदा नकार दिला, मग अनामत देण्याऐवजी परत न आलेल्या क्रेटची किंमत पट्टीच्या हिशेबात धरण्यास राजी झाला. एकात एक बसणारे क्रेट घेतले तर परतीच्या गाडीत त्यांना जागा कमी लागते.

पिशव्यांविषयी नियम माहीत असावेत : राज्याची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ मधील, देशभरातील एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासूनची, आणि कॅरीबॅगची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन आहे.

खंडाचा करार कसा असावा

हा भाग पर्यावरणाच्या पुस्तकात क्वचित सापडतो, आणि माझ्या मते हापूसच्या साखळीत तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बाग एका वर्षाच्या खंडाने दिली-घेतली की खंडदाराला त्या वर्षीच्या उत्पन्नाखेरीज काहीही दिसत नाही. झाडाला दरवर्षी फळ यावे म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला आपण कल्टार म्हणतो, ते तो शिफारशीहून अधिक घालतो. फवारण्याही मोहोर वाचवण्याच्या भीतीने वाढत जातात. पुढच्या वर्षी झाड कमजोर झाले तर तो दुसऱ्या बागेत असतो. मालकाची तक्रार आणि खंडदाराची बाजू दोन्ही मी ऐकल्या आहेत आणि दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, कारण चूक माणसांत नसून कराराच्या मुदतीत आहे.

म्हणून बाग किमान पाच वर्षांसाठी द्यावी आणि करारात तीन बाबी लिहाव्यात. कल्टारचे प्रमाण झाडाच्या घेरानुसार विद्यापीठाच्या शिफारशीइतकेच राहील. फवारण्या विद्यापीठाच्या मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकाप्रमाणे, कीड दिसल्यावर होतील आणि प्रत्येकीची तारीख व औषध वहीत लिहिले जाईल. शेवटची फवारणी व तोडणी यांत लेबलावर दिलेले दिवस पाळले जातील. त्याबदल्यात खंडाची रक्कम पहिल्या दोन वर्षांत थोडी कमी घ्यावी. विकत घेणाऱ्यानेही असेच वागावे : ज्याला आपण दरवर्षी शेवटच्या क्षणी दोन रुपये कमी भाव देतो, त्याच्याकडून औषध कमी मारण्याची अपेक्षा करू नये. पुठ्ठेवाला, वाहतूकदार, काजू बीचा व्यापारी यांच्याशीही हेच धोरण उपयोगी पडते. त्यांना दहा पानी प्रश्नावली दिली तर ते एक तर खोटी भरतात किंवा परत करत नाहीत. मी प्रत्येकाला वर्षातून एकदा समोर बसवून दोन-तीन प्रश्न विचारतो आणि उत्तर त्याच्यासमोर लिहितो.

काजूच्या बाबतीत पहिला प्रश्न बी कुठली, हा असतो. कोकणातील कारखान्यांत आफ्रिकेतून जहाजाने आलेली बीही फोडली जाते. त्यात गैर काही नाही, पण ती स्थानिक म्हणून विकणे गैर आहे.

कारखान्यात

प्रक्रियेच्या जागी आधी भट्टी पाहावी. काजूची टरफले जळण म्हणून उत्तम, परंतु तेलासकट जाळली की त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. टरफलांतील तेल काढून घेणाऱ्याला ती विकावीत आणि उरलेली पेंड जाळावी, हा मार्ग बरा. काजूचे बोंडू, म्हणजे बीला जोडलेले रसाळ फळ, बीच्या सहा ते दहा पट वजनाचे असते आणि बहुतेक बागांत झाडाखालीच सडते. सरबत किंवा गुरांचे खाद्य यासाठी ते उचलणारा कोणी जवळ असेल तर त्याला फुकट द्यावे. कोकमाची साल वाळवण्यासाठी सौर टनेल ड्रायर मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची भीती असताना, आपली किंमत वसूल करतो.

सरबताच्या बाटलीविषयी माझ्या ग्राहकांशी माझे नेहमी मतभेद होतात. काचेची बाटली चारशे ग्रॅमच्या आसपास भरते, पेटची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) तीस-चाळीस ग्रॅम. काच दहा-पंधरा वेळा धुऊन भरली तरच ती जिंकते. म्हणून गावातल्या आणि रत्नागिरीतल्या विक्रीसाठी आम्ही काच ठेवतो व बाटली परत आणणाऱ्याला पैसे देतो, आणि मुंबईला पेट पाठवतो.

मासळीचा धंदा असेल तर

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा शीतयंत्रांची गळती शोधण्यासाठी याहून योग्य काळ नाही. बर्फ कमी वितळावा म्हणून पेटी चांगली असणे, हाच येथील मुख्य उपाय आहे : थर्माकोलची खोकी एका-दोन फेऱ्यांत फुटून किनाऱ्यावर पसरतात, त्याऐवजी जाड उष्णतारोधक प्लास्टिकच्या पेट्या महाग असल्या तरी अनेक वर्षे टिकतात आणि बर्फही वाचवतात.

दावा करण्यापूर्वी

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी आहे. हे मानांकन फळ कुठले आहे हे सांगते. त्याचा पर्यावरणाशी संबंध नाही, आणि पेटीवर दोन्ही एकत्र छापून ग्राहकाचा गोंधळ करू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, ज्यांनुसार "पर्यावरणस्नेही", "हरित" असे मोघम शब्द वापरणाऱ्याकडे पुरावा असला पाहिजे. आमच्या खोक्यावर आम्ही एवढेच छापतो : हे खोके लॅमिनेशनविना आहे, कोरडे ठेवून रद्दीत द्यावे.

वही जूनच्या पहिल्या आठवड्यात बंद करावी, मृगाच्या सरी सुरू होऊन बागेची कामे निघण्याच्या आत. त्या आठवड्यात क्रेट मोजून घ्यावेत. या वर्षी आमचे ३१० पैकी २८४ परत आले. उरलेले सव्वीस पट्टीच्या हिशेबात धरले आहेत, आणि त्यांतले बरेचसे वाशीच्या एका गाळ्यात उपडे ठेवून हमाल त्यांच्यावर बसतात, असे आमचा चालक सांगतो.